लोकरीचा रानपिंगळा: विणून आणि आटवून केलेला ब्रोच

ब्रोचसाठी घुबड करायचं म्हटलं की हात आपोआप डोक्यावर दोन टोकदार कान काढायला जातो. रानपिंगळ्याला तसे कान नसतात. त्याचं डोकं गोल, अंगाच्या मानाने मोठं, आणि माथ्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नाहीतच. आपल्या दारातल्या निंबावर तिन्हीसांजेला चिरचिरणारा साधा पिंगळा वेगळा. त्याच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके असतात. रानपिंगळ्याची छाती सलग तपकिरी, त्याखाली पोट पांढरंशुभ्र, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय जाडजूड आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. एवढ्या खुणा पाच-साडेपाच सेंटिमीटरच्या लोकरीच्या तुकड्यात उतरल्या, तर बघणारा "घुबड छान आहे" म्हणणार नाही, "हा कोणता पक्षी?" असं विचारेल. तो प्रश्न यावा यासाठीच मी हा ब्रोच करते.

हा पक्षी आपल्या खान्देशाचा आहे. शास्त्रात त्याची नोंद १८७३ मध्ये झाली. १८८४ नंतर मात्र तो कुणाला खात्रीने दिसला नाही आणि संपला असंच धरलं गेलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला, ११३ वर्षांनी. जगातल्या संग्रहालयांत याचे मोजकेच जुने नमुने होते. ते बारकाईने तपासलेले असल्यामुळे खरा पक्षी समोर येताच त्यांना तो ओळखता आला. बिनठिपक्यांचा माथा, रुंद पट्टे, पांढरे पाय, याच त्या खुणा. म्हणून आपल्या ब्रोचमध्येही त्या चुकता कामा नयेत. डोळे थोडे लहानमोठे झाले तर चालेल, माथ्यावर ठिपके आले तर चालणार नाही.

मी तो पहिल्यांदा तोरणमाळच्या वाटेवर पाहिला. माघातली सकाळ, सागाची पानं बरीचशी गळलेली, आणि उंच शेंड्यावर उघड्यावर बसलेला, सकाळी साडेआठला. तो दिवसाही शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर, मोठे किडे हे त्याचं खाणं. खाली बघत असताना शेपूट एकदम डावी-उजवीकडे झटकत होता. त्या झटक्याने शेपटीवरचे पांढरे पट्टे लुकलुकले ते अजून डोळ्यासमोर आहेत. घरी आल्यावर दोन दिवसांत पहिला तुकडा विणायला घेतला.

आधी लोकर पारखा

या कामात नव्वद टक्के फजिती इथेच होते. आपल्याकडे दुकानात "लोकर" म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. स्वेटर विणायला ती चांगली, पण आटवायला अगदी निरुपयोगी. तिला कितीही उकळा, कितीही चोळा, ती आटत नाही.

याचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं काम सोपं जातं. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात, सगळे एकाच दिशेने. गव्हाच्या ओंबीचं कुसळ बाहीत शिरलं की काय होतं ते आठवा. हात जितका हलेल तितकं ते वरवर चढत जातं, मागे कधी येत नाही. लोकरीचा केस तसाच. ओला, गरम, साबणाने निसरडा झालेला केस चोळला की एका दिशेने सरकत जातो, दुसऱ्या केसांत गुंततो आणि तिथेच अडकतो. असे हजारो केस गुंतले की कापड आखडतं, घट्ट होतं, टाके दिसेनासे होतात. यालाच फेल्ट म्हणायचं. अ‍ॅक्रिलिकच्या धाग्याला खवलेच नाहीत, तर तो गुंतणार कशाने? "मशीनमध्ये धुता येते" असा शिक्का असलेली शुद्ध लोकरही घेऊ नका. तिच्या खवल्यांवर मुद्दाम प्रक्रिया करून त्यांची पकड घालवलेली असते.

पारख घरच्या घरी होते. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून काडी लावा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ती विझते, आणि मागे राहते ती बोटाने चुरडणारी काळी राख. अ‍ॅक्रिलिक वितळतं, थेंब होतो आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. हे मोरीत किंवा अंगणात करा, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून. वितळलेला थेंब हाताला चिकटला तर वाईट भाजतं.

लोकर कुठे मिळेल? मला सगळ्यात चांगली मिळाली ती जुन्या स्वेटरांतून. वीस-तीस वर्षांपूर्वी हाताने विणलेला, ट्रंकेच्या तळाशी पडलेला, बाहीला भोक पडलेला स्वेटर प्रत्येक घरात एखादा असतोच. काडीची परीक्षा करून घ्या. खरा निघाला तर वरच्या टोकाकडून उसवा, खुर्चीच्या पाठीवर लडी घाला, कोमट पाण्यात भिजवून वजन बांधून वाळवा, म्हणजे धाग्यातले वळ जातात. एका बाहीत पाच-सहा ब्रोच होतात. नाहीतर मेरिनो लोकर ऑनलाइन मागवता येते. एका ब्रोचला जेमतेम दहा-बारा ग्रॅम लागते.

आपल्या साक्री-धुळ्याकडचे ठेलारी दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे घेऊन रानोमाळ हिंडतात. त्यांच्याकडून कातरलेली लोकर मूठभर मिळाली तर जरूर घ्या. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ असते, बरीचशी काळी. घोंगडीला ती उत्तम. ब्रोचच्या चेहऱ्यासाठी ती कामाची नाही, केस बाहेर येतात. पण पोटात भरायला तिच्यासारखं काही नाही, कारण ती दबून बसत नाही. फक्त आधी कोमट पाण्यात दोन-तीनदा न चोळता भिजवून धुवा, काटेकुटे काढा आणि कडक वाळवा.

माझा पहिला पिंगळा फसला तो पांढऱ्या धाग्यामुळे. तपकिरी लोकर जुन्या स्वेटरची, खरी. पांढरी दुकानातून आणलेली. वेष्टनावर मोठ्या अक्षरात "वूल" होतं, मी काडी लावून पाहिली नाही. गरम पाण्यात चोळता चोळता डोकं आणि छाती सुरेख आटली, आणि पोट होतं तेवढंच राहिलं. फ्रॉकच्या झालरीसारखं चुण्या पडून बाहेर आलं. तो तुकडा मी अजून ठेवलाय आणि शिकायला येणाऱ्या मुलींना सगळ्यात आधी तोच हातात देते. तेव्हापासून प्रत्येक रंगाचा धागा वेगळा पारखते. दोन्ही खऱ्या लोकरी असल्या तरी दोन वेगळ्या जातींच्या असतील तर कमी-जास्त आटतात, हेही लक्षात ठेवा.

बाकीचं सामान

विणायला ७ नंबरच्या सुया, म्हणजे साडेचार मिमीच्या. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, त्यामुळे १० नंबर घेतलीत तर वीण घट्ट होईल आणि केसांना सरकायला जागाच राहणार नाही. चार पदरी, मध्यम जाडीची लोकर एरवी आपण ९ किंवा १० नंबरवर विणतो. इथे मुद्दाम सैल, जाळीदार वीण हवी.

फेल्टिंगची सुई ही वेगळीच चीज आहे. तिला नाकं नसतं. टोकाकडच्या तीन कडांवर बारीक खाचा असतात. त्या खाचा आत जाताना केस ओढून नेतात आणि बाहेर येताना सोडून देतात, म्हणजे पुन्हा तेच कुसळ. ३८ गेजची एक सुई सगळ्या कामाला पुरते. चेहऱ्याच्या बारीक कामाला ४० गेजची असली तर छिद्रं दिसत नाहीत. खाली ठेवायला जाड स्पंज. ऑनलाइन दोन-तीन सुया एकदम मागवा, कारण एक तरी मोडतेच.

याशिवाय ब्रोचची मागची पिन, साधारण अडीच सेंमीची, तीन भोकांची. जाड सुई, मजबूत दोरा, आणि डोळ्यांसाठी दोन काळे मणी. मी तुटलेल्या काळ्या पोतीतले मणी वापरते. त्यांची चकाकी प्लॅस्टिकच्या डोळ्यांना येत नाही.

रंग चार लागतात: पांढरा, गडद तपकिरी, डोक्यासाठी करडा-तपकिरी आणि चिमूटभर पिवळा. पिवळा मी कांद्याच्या सालींचा करते. लोकरीच्या वजनाइतक्या कोरड्या साली अर्धा तास उकळून गाळायच्या. लोकर आधी तुरटीच्या कोमट पाण्यात भिजवून ठेवायची, मग त्या रंगात घालून मंद आचेवर तापवायची आणि भांड्यातच गार होऊ द्यायची. हलवायची नाही, नाहीतर तिथेच आटून गोळा होतो. करडा-तपकिरी हवा असेल तर डाळिंबाच्या साली लोखंडी कढईत उकळा, लोखंडाने रंग काळपट होतो. रंगवलेला धागा रंग सोडत नाही ना, हे पांढऱ्या फडक्यात गरम पाण्याने दाबून बघा. गडद तपकिरी सुटला तर पोटाचा पांढरा रंग कायमचा मळकट होतो.

नमुना विणून बघा

हे टाळू नका. २० टाके घाला, सुलट-उलट २४ ओळी विणा, मोजा, आटवा, पुन्हा मोजा. माझा नमुना १० सेंमी रुंद आणि ९ सेंमी उंच होता, आटल्यावर ८ आणि ६ झाला. विणलेलं कापड रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटतं, म्हणून सुईवरचा पिंगळा कायम लांबुडका, मानेने ताणलेला दिसणार. घाबरू नका, पाण्यात तो बसका होतो. तुमची लोकर उंचीला फार कमी आटली तर डोक्याच्या आणि पोटाच्या दोन-दोन ओळी वगळा.

पुढचा भाग

खालून वर विणायचा आहे. वाढवायचं तेव्हा एकाच टाक्यात आधी पुढून, मग मागून विणा. कमी करायचं तेव्हा दोन टाके एकत्र विणा. सुरुवातीला आणि शेवटी वीतभर धागा सोडा.

पांढऱ्या लोकरीने ८ टाके सैल घाला.
ओळ १ सुलट, ओळ २ उलट.
ओळ ३ सुलट, दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवा (१० टाके). ओळ ४ उलट.
ओळ ५ सुलट, पुन्हा दोन्हीकडे वाढवा (१२ टाके).
ओळ ६ उलट, ७ सुलट, ८ उलट. पोट झालं.
गडद तपकिरी जोडा. ओळ ९ ते १२ सुलट-उलट. ही छाती.
करडा-तपकिरी जोडा. ओळ १३ सुलट, दोन्हीकडे एकेक कमी (१० टाके). ओळ १४ उलट.
ओळ १५ सुलट, दोन्हीकडे एकेक वाढवा (१२ टाके).
ओळ १६ ते २० सुलट-उलट, बदल नाही.
ओळ २१ सुलट, दोन्हीकडे एकेक कमी (१० टाके).
ओळ २२ उलट, दोन्हीकडे एकेक कमी (८ टाके).
पुढच्या ओळीत टाके सैल बंद करा. सुरुवातीचे आणि शेवटचे दोन-दोन टाके एकत्र घेऊन बंद केलेत तर माथा गोल येतो.

रंग बदलताना गाठ मारू नका. गाठ आटत नाही, तिथे कठीण खडा राहतो. दोन्ही धाग्यांची टोकं मागच्या बाजूने पाच-सहा टाक्यांत सैल ओवा. आटल्यावर ती कधीच सुटत नाहीत.

मागचा भाग अगदी तसाच, पण सगळा गडद तपकिरी.

पंख

दोन करायचे. गडद तपकिरीने ७ टाके. ओळ १ सुलट, २ उलट. पांढरा जोडून ओळ ३ सुलट, दोन्हीकडे एकेक कमी (५ टाके), ओळ ४ उलट. तपकिरीने ओळ ५ आणि ६. पांढऱ्याने ओळ ७, दोन्हीकडे एकेक कमी (३ टाके), ओळ ८ उलट. तपकिरीने ओळ ९ आणि १०. मग तिन्ही टाके एकत्र, धागा ओढून घ्या.

हे पट्टे दोन ओळींचेच ठेवा. एकेका ओळीचे केले तर आटल्यावर ते एकमेकांत मिसळून राखाडी दिसतात, आणि या पक्ष्याची खूण रुंद, ठळक पट्ट्यांची आहे.

आटवणं

इतके छोटे तुकडे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. हातानेच करा. हातात घडताना तो आकार जसा कळतो तसा मशीनमधून काढलेल्या गोळ्यात कळत नाही.

आधी पाण्याचं बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी जड, क्षारांचं. अंगाचा साबण त्यात फेस धरत नाही, दह्यासारखा फुटतो आणि त्याची साय लोकरीवर बसते. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर पाणी उकळून, निवळून घ्या. किंवा साबणाऐवजी चार-पाच रिठे रात्री भिजवून सकाळी उकळा आणि ते पाणी गाळून वापरा. रिठ्याला जड पाण्यातही फेस येतो. भांड्याचं लिक्विड दोन थेंब घातलं तरी चालतं.

दोन पातेली घ्या. एकात हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी, दुसऱ्यात माठातलं गार. तुकडे गरम पाण्यात पाच मिनिटं नुसते भिजू द्या. मग एकच तुकडा बाहेर काढा, त्यावर साबणाचं पाणी घाला आणि तळहातावर बोटांनी हळूहळू गोल फिरवायला लागा. पहिली तीन-चार मिनिटं जोर अजिबात लावू नका. सुरुवातीलाच रगडलं तर तुकडा जिथे दुमडला असेल तिथेच चिकटतो आणि तो दुमडा पुन्हा उघडत नाही. वरचे केस थोडे धुक्यासारखे फुगले, टाक्यांच्या कडा पुसट व्हायला लागल्या, की पकड बसली असं समजा. आता जोर वाढवा. कपडे धुण्याच्या दगडावर, नाहीतर चटईच्या तुकड्यावर ठेवून तळहाताने पुढे-मागे चोळा. ज्या दिशेने चोळाल त्या दिशेने तो जास्त आखडतो, हे सगळ्यात उपयोगाचं गुपित आहे. उंची अजून जास्त वाटली तर उभं चोळा, रुंद वाटला तर आडवं.

दर दोन मिनिटांनी गार पाण्यात बुडवा, दाबून काढा, पुन्हा गरमात घाला. एकेका तुकड्याला दहा ते वीस मिनिटं लागतात. माझी आजी पहिल्यांदा हे बघत ओट्यावर बसली होती, म्हणाली, "काय करी ऱ्हायनी व माय? चांगलं विणेल पार वाटोळं करी टाकं!" स्वेटर आटू नये म्हणून आयुष्यभर गार पाण्यात जपून धुणाऱ्या बाईला ते बघवत नव्हतं. तुकडा वाळून हातात दिला तेव्हा तिने तो बराच वेळ अंगठ्याने चाचपला, आणि दुसऱ्या दिवशी तिचा जुना मरून स्वेटर उसवायला आणून दिला.

थांबायचं कधी? नखाने ओढूनही टाका वेगळा होत नसेल तेव्हा. पुढचा भाग साधारण साडेपाच सेंमी उंच, पावणेपाच सेंमी रुंद व्हायला हवा. साबण निघेपर्यंत गार पाण्यात खंगाळा. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं तर साबणाचा अंश निघून लोकर मऊ राहते. टॉवेलात गुंडाळून दाबा, पिळू नका. ओला असतानाच बोटांनी आकार ओढून घ्या: डोकं गोल, मान किंचित आत, पोट भरदार. मग थर्माकोलवर टाचण्यांनी लावून सावलीत ठेवा. वैशाखात आमच्याकडे दुपारपर्यंत कडकडीत वाळतो, पण उन्हात घालू नका, पांढरं पोट पिवळं पडतं. पावसाळ्यात दोन दिवस धरा.

वाळल्यावर कात्री बिनधास्त चालवा. फेल्ट कापला तरी उसवत नाही. कडा वाकडी असेल, मागचा भाग मोठा झाला असेल, तर कापून सारखा करा.

चेहरा

आता पुढचा भाग स्पंजवर ठेवा. फेल्टिंगची सुई सरळ आत, सरळ बाहेर. तिरकी टोचून उचकटलीत तर टोक मोडतं आणि आत राहतं. बोटं सुईच्या वाटेतून दूर ठेवा, नजर सुईवरून हलवू नका. घरात लहान मूल असेल तर काम झाल्यावर सुई बुचात खोचून वरच्या फळीवर.

आधी डोळ्यांभोवतीचा फिका भाग. पांढऱ्या लोकरीत थोडी करडी मिसळून, बोटांनी विंचरून, दोन पातळ गोल चकत्या करा आणि डोक्याच्या मधोमध शेजारी शेजारी ठेवून कडेकडेने टोचत आत या. त्यावर तपकिरीचा केसाइतका धागा गोल फिरवून टोचा, एकाआत एक अशी दोन कडी. दोन्ही डोळ्यांच्या वर पांढरी भुवई, आतल्या टोकाला जाड, बाहेर निमुळती. पिंगळ्याचा तो रोखून बघणारा भाव या भुवईतून येतो, म्हणून तिला वेळ द्या. आतलं टोक चोचीच्या दिशेने एक मिलिमीटर खाली आलं की तो रागावलेला दिसतो, वर गेलं की भोळा. खरा पक्षी गंभीर असतो, रागावलेला नाही.

पिवळ्याच्या दोन गोळ्या, ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या. चकतीच्या मध्ये टोचून चपट्या करा. त्यावर काळा मणी दोऱ्याने शिवा. दोरा मागे नेऊन जरा ओढा म्हणजे मणी खोबणीत बसतो. वर नुसता ठेवल्यासारखा राहिला तर डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

चोच पिवळीच, आणि ठळक. या पक्ष्याची चोच साध्या पिंगळ्यापेक्षा दणकट असते. लोकर बोटांत वळून छोटी सुळी करा, वरचं टोक दोन डोळ्यांच्या मध्ये टोचा, खालचं मोकळं ठेवून किंचित खाली वाकवा. चोचीखाली गळ्यावर पांढऱ्या लोकरीची बारीक आडवी कोर. छाती तशीच सलग सोडा. पोटाच्या दोन्ही कडांना तपकिरीच्या तीन-चार आडव्या रेघा, मध्यभाग कोरा पांढरा.

आणि माथा मोकळा ठेवा. इथे हात शिवशिवतो, रिकामं वाटतं, दोन ठिपके द्यावेसे वाटतात. देऊ नका.

जोडणी आणि पिन

पिन आधी, शिवण नंतर. मागच्या भागावर पिन वरच्या तिसऱ्या भागात, डोळ्यांच्या रेषेत आडवी लावा. मधोमध लावली तर डोक्याच्या वजनाने पक्षी पुढे झुकतो आणि दिवसभर जमिनीकडे बघत राहतो. तिन्ही भोकांतून मजबूत दोऱ्याने चार-चार टाके घ्या. गोंदावर विसंबू नका, एप्रिलच्या उकाड्यात तो सुटतो.

मग दोन्ही भाग पाठीला पाठ लावून कडेने काजाच्या टाक्याने शिवत या. खालची तीन बोटं जागा उरली की आत धुतलेली लोकर भरा, फार नाही, लाडवासारखा नको, बदामासारखा उठाव पुरे. शिवण पुरी करा. कडेवरून फेल्टिंगची सुई हलक्या हाताने फिरवली की टाके लोकरीत बुडून जातात. पंख दोन्ही बाजूंना, वरचं टोक छातीच्या वरच्या रेषेला, फक्त वरच्या कडेने शिवा. खालचं टोक सुटं राहिलं की अंगावर लावल्यावर जरासं हलतं.

पायांसाठी पांढऱ्या लोकरीच्या दोन जाडसर वळकट्या, अर्ध्या सेंमीच्या, खालच्या कडेला टोचून बसवा. त्यांच्याखाली फांदी हवी असेल तर तपकिरीची तीन टाक्यांची दोरी विणून आटवा आणि आडवी शिवा. खरी सागाची काटकी लावून पाहिली होती मी, पण ती जड होते आणि कपड्याला ओरखडे काढते.

वापरताना

शाल, जाकीट, कापडी पिशवी, टोपी, जाड सुती साडीचा खांद्यावरचा पदर, इथे तो शोभतो. रेशमी साडीला लावायचा तर आतून फेल्टचा रुपयाएवढा तुकडा ठेवून पिन त्यातून आरपार न्या, म्हणजे वजन रेशमाच्या धाग्यांवर येत नाही. मळला तर गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपा, गरम पाणी पुन्हा दाखवू नका. वरचे केस निघाले तर छोट्या कात्रीने भादरा, ओढू नका.

खरी लोकर असल्यामुळे कसर लागते. उन्हाळ्यात ठेवून देताना घट्ट झाकणाच्या डब्यात, वाळलेल्या निंबाच्या पाल्यात ठेवा. त्याआधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला तर आधीच असलेली अंडीही मरतात.

कुणाला भेट देणार असाल तर सोबत एक चिठ्ठी लिहा. मी लिहिते ती अशी: "हा रानपिंगळा. शहादा, तोरणमाळ, यावलच्या सातपुड्यात राहतो. सागाच्या शेंड्यावर दिवसा दिसतो. धोक्यात आलेला पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे." आपल्याकडे घुबड दिसलं की अजूनही दगड उचलणारे हात आहेत, दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. गेल्या हिवाळ्यात शहाद्याच्या बाजारात भाजी घेताना एका म्हाताऱ्या आदिवासी बाबांनी माझ्या शालीवरच्या ब्रोचकडे बोट केलं. घुबड म्हणाले नाहीत. डोक्याला हात लावून म्हणाले, "याले ठिपका नही. हाऊ आमना जंगलना शे."